व्हर्निअरला नमस्कार

चाकणच्या कंपनीत मी पंधरा दिवस व्हर्निअरला नमस्कार घालत होतो. व्हर्निअर म्हणजे माप घ्यायचं स्टीलचं हत्यार. त्याला दोन जबडे असतात. मधी जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, धरायचा आणि अंगावरच्या रेघा बघून सांगायचं, हा एवढ्या मिलिमीटरचा. मी ते हातात घेतलं की आधी जबडे मिटायचो, कपाळापर्यंत उचलायचो, डोळे झाकायचो, मग कामाला लागायचो. लाइनवरचे लोक म्हणायचे, "लई श्रद्धा आहे राव ह्याची." मला बरं वाटायचं.

हे मला शिकवलं मोबाइलनं.

नऊ वर्षं मी तिथं लोडिंगला. ट्रॉलीतून लोखंडाच्या जाडजूड पिना उचलायच्या, मशीनला लावायच्या, काढायच्या, दुसऱ्या ट्रॉलीत टाकायच्या. कमर अशी धरली होती की मी उठताना जो आवाज यायचा त्यानं शेजारचा ऑपरेटर मशीन थांबवून बघायचा, काही तुटलं का म्हणून. तेवढ्यात चेकिंगची जागा रिकामी झाली. स्टुलावर बसून माप घ्यायचं काम. इनचार्ज साहेब म्हणले, "व्हर्निअर वाचून दाखव, तुला बसवतो." मी ठरवलं, ते स्टूल आपलंच.

पण माझी शाळा चौथीत सुटली ती अजून भरली नाही. विचारायचं कुणाला? मोबाइलवर एक मास्तर सापडले, व्हर्निअर शिकवणारे. कंपनीच्या बसमधे जाता-येता त्यांना बघायलो. फोन जुना. डेटा वाचावा म्हणून चित्र सगळ्यात खालच्या दर्जावर ठेवलेलं. त्यात मास्तरांचं तोंड म्हणजे थापलेलं पिठलं, आणि रेघा तर सगळ्या मिळून एकच काळा पट्टा. पण माप घ्यायच्या आधी ते व्हर्निअर मिटून कपाळापाशी नेतात एवढं मला दिसलं. त्यावेळी ते गप्प असायचे. गप्प बसून कपाळाला काय लावतो माणूस? मी म्हणलं, माणूस देवभोळा दिसतोय. आपणबी करू. मग जेवणाच्या सुट्टीत चेकिंगच्या टेबलावरचं व्हर्निअर उचलून मी सराव करायलो.

शनिवारी साहेबांनी परीक्षा घेतली. मी नमस्कार केला, पिन धरली, बघितलं.

"चोवीस," म्हणलं.

"चोवीस पॉइंट किती?"

"चोवीस आणि... जरा वर."

"जरा? भाजी घेतोयस का राव? कस्टमरला काय कळवू मी, जरा?"

सगळी लाइन हसली. मीपण हसलो. साहेब म्हणले, "पुढच्या शनिवारी अजून एक चान्स देतो. नाहीतर दुसऱ्याला बसवतो."

घरी आलो तो चिडूनच. आता रेघ आणि रेघ दिसली पाहिजे. चित्राचा दर्जा एकदम वरचा लावला. नेट चांगलं होतं, दम फोनमधे नव्हता. मधोमध गोल फिरायला लागलं. आवाज गेला पुढं, चित्र राहिलं मागं. मास्तर म्हणायलेत, "ही बघा, हीच रेघ जुळली," आणि पडद्यावर मास्तर अजून हात पुसायलेत. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. फोन हातात धरवेना.

बायको म्हणली, "द्या इकडं, तुमचा शर्ट इस्त्री करते त्यानं."

"थट्टा करू नको. शनिवार गाठायचाय."

"तुमचं आणि त्याचं बरं जमतं. दोघांनाबी एका वेळी एकच काम झेपतं. बघतो तर ऐकत नाही, ऐकतो तर बघत नाही."

ती म्हणली ते खरं होतं. पण मी काही सोडणार नव्हतो. मंगळवारी फोनमधले गुड मॉर्निंगचे सगळे फोटो पुसले. शेवटी फुलंच एवढी निघाली की बाग झाली असती. बुधवारी फोन स्टीलच्या ताटात ठेवून गार करून बघितला. ताट गरम झालं.

गुरुवारी आमची सुट्टी. सकाळी सकाळी खाली घरमालकाकडं, आबांकडं गेलो, बायकोला घेऊन. आम्ही चऱ्होलीत त्यांच्याकडं भाड्यानं; त्यांचं गावातलंच जुनं घराणं. आबांकडं भिंतभर टीव्ही आहे, आणि त्यावर ते दिवसभर बैलगाडा शर्यती बघतात. मी म्हणलं, "आबा, अर्धा तास टीव्ही पाहिजे होता."

"बस. ही एक शर्यत बघू दे," आबा म्हणले. "पर ह्यो टीव्ही माजलाय. बैल घाटात शिरलं की हुभाच ऱ्हातो."

खरंच. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल चारी पाय हवेत घेऊन थांबलेले, मधी गोल फिरायलंय, आणि आवाजात तिकडं निकाल जाहीर झालेला.

"टीव्ही मोठा हाय, डोस्कं बारीक हाय त्याचं," आबा म्हणले.

मी बायकोकडं बघितलं. म्हणलं, हिला आता माझ्यावर बोलायला आयतंच सापडलं. पण तिनं रिमोट घेतला, चित्राच्या दर्जाची यादी उघडली. "आबा, तुम्ही सगळ्यात वरचं लावलंय. ते ह्याला पेलत नाही. एक पायरी खाली येऊ."

एक पायरी खाली आली. बैल जमिनीवर उतरले आणि पळाले.

"आयला!" आबा म्हणले. "चार म्हैनं मी बैलांना शिव्या घालतुया. लाव आता तुझा मास्तर."

मास्तर लागले. पहिल्यांदा कळलं, त्यांना मिशी आहे. रेघा सुईसारख्या सुट्ट्या. वरच्या पट्टीवर मिलिमीटर, खालच्या सरकणाऱ्या पट्टीवर पन्नास घरं, आणि खालची जी रेघ वरच्या रेघेला तंतोतंत भिडते तिच्यावरून पॉइंटच्या पुढचं माप. मी टीव्हीला नाक लावून बोटानं पन्नास घरं मोजली.

मग तो नमस्कार आला. मास्तरांनी जबडे मिटले, वर उचलले, ट्यूबलाइटकडं धरले आणि एक डोळा बारीक करून आरपार बघितलं. उजेडाची फट दिसते का, ते बघत होते. फट दिसली तर जबड्यात घाण, माप चुकणार.

मी खाली बसलो.

"काय झालं?" बायको म्हणली.

सांगावंच लागलं. आबांना हसू आवरेना. "म्हंजी पंधरा दीस तू लोखंडाच्या पाया पडत व्हता व्हय?"

"आबा, पुढं लावा," मी म्हणलं. "हसायला शनिवारनंतर वेळ आहे."

मग आबाच पेटले. चित्र थांबवायचे, मास्तरांचं उत्तर आलं की उपरण्यानं झाकायचे आणि विचारायचे, "सांग, किती?" माझं चुकलं की म्हणायचे, "पुन्यांदा." ह्या नादात त्यांची दुपारची झोप गेली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीतली दिसेल ती वस्तू मोजली. माझा अंगठा दोनदा मोजला, दोन मापं आली. तिसऱ्यांदा मोजला.

शनिवारी साहेबांनी पिन दिली, व्हर्निअर दिलं. मी जबडे मिटून वर उचलले.

"झाला का नमस्कार?" साहेब म्हणले. लाइन हसायला लागली.

"नमस्कार नाही साहेब. उजेड बघायलो." आणि उजेड दिसला. केसाएवढा, पण दिसला.

"रीडिंग सांग."

"सांगत नाही. जबड्यात काहीतरी आहे."

साहेबांनी व्हर्निअर घेतलं, स्वतः वर धरलं. खिशातलं फडकं काढून पुसलं. लोखंडाचा बारीक कीस निघाला. व्हर्निअर परत माझ्या हातात दिलं. मी पिन धरली आणि बघत राहिलो. लई वेळ बघत राहिलो.

"डोक्यात गोल फिरायला लागलं काय?" मागून कुणीतरी म्हणलं.

"फिरू दे भावा, अडकलं नाही." अजून एकदा बघितलं. "चोवीस पॉइंट तीन सहा."

साहेबांनी मोजलं. मग पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

नऊ वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बसायचीपण सवय नसते. पहिल्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी उठायलो. साहेब म्हणले, "आता काय?" मी म्हणलं, "काही नाही साहेब, कमर विचारायली, सुट्टी झाली का?" पण पुढची पिन उचलायच्या आधी जबडे मिटले, ट्यूबलाइटकडं धरले आणि एक डोळा बारीक केला. दुसरा उघडा ठेवला.