हार्लन विटकॉम्ब अखेर बोलला

हार्लन विटकॉम्ब म्हणजे तोंडाला कुलूप. नेब्रास्कातल्या बीटच्या शेतावरचा हा पोरगा सैन्यात गेला, शत्रूचे निरोप उलगडायला शिकला आणि चढत चढत लष्करी हेरखात्याचा प्रमुख झाला. साऱ्या जगाच्या उचापती त्याला ठाऊक, घरात मात्र ब्र काढायचा नाही. रविवारी व्हर्जिनियातल्या घरी जेवताना तो मुलांना खोदून खोदून विचारायचा, त्याला कुणी काही विचारलं की, "बटाटे दे इकडे." बायको, मार्गो, म्हणायची, "मी माणसाशी लग्न केलं की भिंतीशी, देवच जाणे!"

मग थोरला मुलगा रसेल परदेशातल्या तळावरच्या हल्ल्यात गेला. हल्ल्याची कुणकुण खात्याला आधीच लागली होती, अशी कुजबुज होती. मार्गोने विचारलं, रडून विचारलं, ताटं आपटून विचारलं. हार्लन मान खाली घालून बसला. उत्तर न मिळताच बिचारी देवाघरी गेली. आता ते उत्तर धाकट्या लेकीला, लोर्नाला, हवं होतं. बाबांना आधी माहीत होतं का?

म्हातारपणी हार्लनला तापाने गाठलं आणि तो बरळायला लागला. जन्मभर मुका राहिलेला माणूस बोलत सुटला, तोही दवाखान्यात! लोर्ना धावतपळत पोचली, तर दारात गणवेशातली कॅप्टन ओडेल. अशी गुपितं जाणणाऱ्या माणसाची शुद्ध हरपली की उशाशी खात्याचं माणूस बसणार आणि घरचे बाहेर. मेला कसला हा रिवाज! पण हार्लननेच तो आपल्या काळात कडक केला होता.

"अगं, मी मुलगी आहे त्यांची!"

"माहीत आहे, मॅडम. माफ करा."

"म्हाताऱ्याच्या बडबडीनं काय राज्य बुडणार आहे तुमचं?"

ओडेलने दार लावून घेतलं. काचेपलीकडे बाबांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र एकही ऐकू येईना. लोर्नाच्या जिवाची नुसती तगमग झाली. दुपार कलली तेव्हा ते ओठ थांबले.

ओडेल बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते.

"गेले?"

तिने होकाराची मान हलवली.

"रसेलचं नाव घेतलं का गं त्यांनी? तेवढंच सांग. हात जोडते तुला."

"मला सांगता येत नाही, मॅडम." ओडेल जायला निघाली, थबकली, परत आली. "हेसुद्धा सांगायला नको खरं तर. पण सगळा वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मला ते लोर्ना म्हणत होते."