धाकूमामांचा खांबदेव

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कुणीतरी गेले हे वाचण्याआधीच कळले. ठाण्याच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला भूमिती शिकवत होतो. शिपायाने कार्ड हातात दिले आणि नेहमीसारखा लगेच न जाता तो दाराशीच उभा राहिला. कल्याणहून मामेभावाने लिहिले होते. बाबा काल सकाळी गेले, आदल्या संध्याकाळी त्यांनी करवतीला धार लावून ठेवली होती, फार त्रास झाला नाही... फळ्यावर अर्धे वर्तुळ काढून झाले होते. ते मी पुरे केले, वर्ग शेजारच्या मास्तरांवर सोपवला आणि खडूने भरलेल्या हातांनी तसाच स्टेशनाकडे निघालो. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. धाकूमामांचे नाव या वृत्तपत्राच्या वाचकांपैकी कुणाच्या कानावर असण्याचे कारण नाही. त्यांनी उभे केलेले एकही काम आज कुठे दिसत नाही, कारण ते काढून टाकण्यासाठीच उभे केलेले असे.

धाकूमामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमचे घराणे सुतारांचे. वडील लवकर वारले आणि गावात शाळा नव्हती, तेव्हा मामांनी मला आठव्या वर्षी कल्याणला आपल्या घरी आणले. त्या घरात त्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढले नव्हते. त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगे रंधा धरायला शिकत होते, पण मला त्यांनी साध्या पटाशीलाही हात लावू दिला नाही. "बोट कापलं तर लिहिशील कशानं?" एवढेच म्हणत. मी पुढे मुंबईला जाऊन बी. ए. झालो, तो त्या एका वाक्याच्या जोरावर, असे मला पुष्कळदा वाटते.

त्यांचे काम कमानींचे. दगडी कमान बांधताना तिचे दगड अधांतरी बसत नाहीत. शेवटचा दगड बसून चुना धरेपर्यंत सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर असतो. आमच्याकडे त्या साच्याला कालबूत म्हणतात. कालबूत खांबांवर ठेवायचे, खांब आडव्या वाशांना जाड लोखंडी बोल्टांनी आवळायचे, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी पाचरींची एक जोडी ठोकायची. चुना पक्का झाला की त्याच पाचरी हळूहळू सैल करायच्या, बोल्टांवर फिरवून आवळलेल्या चाक्या काढायच्या, कालबूत उतरवून गाडीत भरायचे आणि पुढच्या पुलाकडे चालू लागायचे. "आवळणं कुणालाही जमतं रे," मामा म्हणत, "सोडताना अक्कल लागते."

मी बी. ए. झालो त्या वर्षी नोकरी लागेपर्यंत मामांनी मला आपल्या कामावर बोलावून घेतले. टिटवाळ्याकडच्या सडकेवर एका ओढ्यावर पूल होत होता. ठेकेदाराची इंग्रजी पत्रे लिहायला माणूस हवा होता. गावातले लोक मला कारकूनदादा म्हणू लागले आणि मला ते आवडत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. माघात कालबूत उभे राहिले, आणि आठवड्याभरातच बोल्टांच्या चाक्या नाहीशा होऊ लागल्या. लोखंड म्हणजे कुणाच्याही घरी उपयोगाची वस्तू. विळा होतो, नांगराचा फाळ होतो. रखवालदार ठेवला, तर रखवालदाराच्या उशाशी ठेवलेला, चाक्या आवळायचा पानाच गेला. ठेकेदार हसला, पण मामा हसले नाहीत. एक चाकी सैल म्हणजे एक खांब सैल, आणि वर गवंडी काम करत होते.

एके सकाळी येऊन पाहतो तो पुढच्या बाजूच्या बोल्टांच्या माथ्यांवर शेंदूर लावलेला. मधल्या खांबाचा बोल्ट सर्वांत मोठा, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. त्याच्यावर जास्वंदीचे एक फूल होते. मामा काही बोलले नाहीत. मीच आपला समजून गालातल्या गालात हसलो. त्या दिवसापासून एकही चाकी गेली नाही.

पण फुले मात्र वाढू लागली. ओढ्यावर पाण्याला येणाऱ्या बायका आधी हात जोडून जात, मग नारळ आला, मग उदबत्ती. त्याला खांबदेव हे नावही कुणीतरी देऊन टाकले. गावात ठकूबाई म्हणून एक विधवा होती. तिची पाच वर्षांची तानी महिनाभर तापाने अंथरुणावर होती. ठकूबाईने खांबदेवाला नवस बोलून ठेवला आणि चैत्रात पोर उठून बसली. मग काय विचारता! शेजारच्या दोन गावांतून माणसे येऊ लागली. मला या सगळ्याची मोठी गंमत वाटे. मामा मात्र मधल्या खांबाजवळून जाताना मान खाली घालून जात. एकदा मी म्हटले, "मामा, तुम्ही तर देवच बसवलात." ते म्हणाले, "मी काही बोललो नाही कुणाला." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "तेच तर..."

वैशाखात शेवटचा दगड बसून कमान मिटली. चुन्याला द्यायचा तेवढा वेळ दिला आणि कालबूत उतरवायचा दिवस ठरला. उशीर करून चालणार नव्हते. पावसाळ्यात त्या ओढ्याला वरच्या रानातून ओंडकेच्या ओंडके वाहून येत. खांब पात्रात उभे राहिले असते तर ओंडके त्यांना अडले असते, पाणी तुंबले असते आणि खांब उखडताना वरच्या नव्या कमानीलाही हिसका बसला असता. तरी पण ठरल्या दिवशी कुणीही पाचरीवर घाव घालीना. आमची स्वतःची माणसेच हातोडे खाली ठेवून बसली. ओढ्याच्या काठावर सगळे गाव जमले होते, आणि मधल्या खांबापुढे ठकूबाई तानीला घेऊन उभी होती.

मी पुढे झालो. मला वाटले, आपण शिकलो ते अशाच वेळेसाठी. लोखंड म्हणजे काय, ताप कशाने येतो आणि कशाने उतरतो, असे बरेच बोललो. एक म्हातारा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "कारकूनदादा, ही पोर एक महिना झोपलेली व्हती. तवा तुमचा बुक खय व्हता?" सगळे हसले. मी चिडलो, आणि चिडून म्हणालो, "अहो, चाक्या चोरीला जात होत्या म्हणून माझ्या मामांनीच हा शेंदूर लावला आहे!"

हसणे थांबले. गावचे पाटील काठी टेकत पुढे आले. "म्हंजे आमी चोर," ते म्हणाले, "आनी मिस्त्री लबाड. असाच ना?" मामा माझ्या मागेच उभे होते, पण वळून त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. एकेक करून माणसे निघून गेली. ठकूबाई सर्वांत शेवटी गेली.

दुपारी झोपडीत मामा भाकरी खात होते. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. भाकरी संपल्यावर ते म्हणाले, "तू खोटं नाही बोललास. पण ते खरं माझं होतं. माझ्या तोंडून जायला हवं होतं." हात धुऊन त्यांनी टोपी घातली. "चल. तीन महिने उशीर केलाय मी."

ठकूबाई अंगण सारवत होती. आम्हांला पाहून ती उठली नाही, हातही थांबवला नाही. मामा ओल्या सारवणाच्या कडेला उकिडवे बसले.

"बाय, माझ्याकडून तुझ्याशी खोटेपणा झाला."

"कारकूनदादा बोलले, तोच ना?"

"तो बोलला ते खरं. पण आणखी एक आहे, ते त्यालाही ठाऊक नाही. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आम्ही शेंदूर तेलात कालवून लावतो. कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगणार होतो. पण गंजासाठी लावला असता तर अख्ख्या बोल्टाला लावला असता. मी नुसता वरती, दिसेल एवढाच लावला. आणि जास्वंद ठेवलं."

ठकूबाईचा हात थांबला. "जास्वंद तुमी ठेवलंत?"

"मीच."

"माजी पोर उठून बसली, ती तरी खरी हाय ना?"

"ती खरी."

"मंग?"

मामांजवळ याचे उत्तर नव्हते. माझ्याजवळ दहा होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तोंड उघडले नाही.

"उद्या तुमी खांब काढलात," ती म्हणाली, "आनी पोर परत तापली, तं?"

"तापली तर मी इथंच असेन. पूल झाला म्हणून जाणार नाही. आषाढ-श्रावण इथं काढीन."

"तुमी काय वैद हाव?"

"नाही."

"मंग र्‍हाऊन काय करनार?"

"रोज येऊन विचारीन."

ठकूबाईने पुन्हा सारवायला घेतले आणि आम्ही परत आलो. त्या रात्री मामा जेवले नाहीत. ती तयार झाली नसती तर त्यांनी एकट्याने पाचरींवर घाव घातला असता का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. घातला असता असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर ती आली. कडेवर तानी, डोक्यावर हंडा, हातात राख आणि काथ्याचा बोळा. तेलातला शेंदूर नुसत्या पाण्याने जात नाही. तिने तानीला खाली बसवले आणि तो बोल्ट राखेने घासायला सुरुवात केली. गाव पुन्हा काठावर जमले. लालसर पाणी खांबावरून ओघळून वाळूत मुरत होते. लोखंड काळेभोर दिसू लागले तेव्हा तिने उरलेले पाणी वरून ओतले, हात जोडले आणि लोकांकडे वळून म्हणाली, "आंगोल घातली. आता जाऊ द्या त्याला."

मामांनी कालबूत उतरवायला तीन दिवस घेतले. कमानीखाली ते एकटेच राहिले, दुसऱ्या कुणाला येऊ दिले नाही. प्रत्येक पाचर एका वेळी करंगळीच्या पेराएवढी सरकवायची, मग पुढची, मग पुढची, आणि फेरी पुरी झाली की त्या दिवशी काम बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी कमान आणि कालबूत यांच्यामधून त्यांनी आपला हात आरपार नेला. वर गवंडी ओरडले, ठेकेदाराने फेटा उडवला. मामांनी कमानीकडे पाहिलेसुद्धा नाही. काठावर ठकूबाई उभी होती. तिला त्यांनी विचारले, "पोर कशी आहे?"

"बरी हाय."

ठाण्याच्या बाजूला लागलेले पुढचे काम ठेकेदाराने दुसऱ्या मिस्त्र्याला दिले. मामा त्या झोपडीतच राहिले. मला नोकरीचे बोलावणे आले होते. निघण्यापूर्वी मी पाटलांकडे आपणहून गेलो आणि हात जोडले. "तुमी अजून पोर हाव," असे म्हणून त्यांनी ताक दिले, पण मामांचा विषय काढला नाही. गाव त्यांच्याशी बोलत नसे. ते लोकांचे नांगर दुरुस्त करून देत, लोक ते मुकाट्याने घेऊन जात. रोज सकाळी ते ठकूबाईच्या उंबऱ्याशी जाऊन विचारत आणि उत्तर घेऊन परत येत.

श्रावणात तानीला ताप आला.

हे मला मागाहून कळले, तेही मामींकडून. मामा चिखलातून चालत कल्याणला आले, दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलाच्या पुड्या घेतल्या, ओले धोतरही न बदलता परत फिरले. गावात सगळे म्हणत होते की हे होणारच होते, देवाला हात लावला. ठकूबाईने त्यांना दारातून हाकलले असते तरी कुणी तिला नाव ठेवले नसते. ती म्हणाली, "विचाराला आलाव तं बसा." त्यांनी पडवीत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी पोरीला घाम फुटला. "औषधानंच उतरला ना, मामा?" मी दिवाळीत विचारले. ते "उतरला" एवढेच म्हणाले. मी शाळेत मुलांना कारण आणि कार्य शिकवतो. त्या उत्तराशी माझे अजून नीट जमलेले नाही... पण ते खोटे उत्तर होते असे मी म्हणणार नाही.

त्याला आता चौदा वर्षे झाली. त्या बाजूचे कुणी कल्याणच्या बाजारात भेटले की मामा तानीची चौकशी करत. त्या वाटेने गेले की उंबऱ्याशी उभे राहत, आत मात्र कधी जात नसत. तिचे लग्न झाल्यावर सासरच्या उंबऱ्याशीही हे चालूच राहिले, आणि पुढे पुढे त्यांनी तोंड उघडण्याआधीच तानी स्वतःच उत्तर देऊन टाकत असे.

मामा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी, नातलग पांगल्यावर, त्यांच्या कल्याणच्या अंगणात एक बैलगाडी थांबली. ठकूबाई आता पार वाकली आहे. तानीबरोबर तिचे मूल होते. मामा ज्या खिडकीखाली काम करत बसत त्या ओटीवर त्या दोघी जराशा टेकल्या. मामींनी पाणी दिले. यंदाचे भात कसे झाले ते बोलणे झाले, मूल कुणावर गेले ते झाले. मामांविषयी कुणीच काही बोलले नाही. मग दिवसाउजेडी घरी पोचायचे म्हणून त्या उठल्या. ठकूबाई गाडीपर्यंत गेली. तानी दारात थांबली, वळली, आणि खिडकीखालच्या रिकाम्या चटईकडे पाहून, कुणी विचारल्यावर सांगावे तशा साध्या आवाजात म्हणाली, "बरी हाय हां, मामा."

आणि मुलाला कडेवर सावरत गाडीत जाऊन बसली.