शशिकलाबाईंची खुर्ची

पहाटे चारला, खोलीतली बाकीची माणसं उठायच्या आत, रहमान मोरी गाठायचा. नमाज पढून आखाती शहरातल्या नजमा भागात, खुर्च्या विणायच्या दुकानात. उजाडेपर्यंत हातात गवत. लव्हाळ्यासारखं लांब गवत भिजवायचं, पीळ देऊन दोरी करायची, जुन्या फ्रेंच खुर्च्यांच्या चौकटीवर ओढून बैठक विणायची. दुसऱ्याची वीण सैल दिसली की तो सगळ्यांसमोर त्याची लाज काढायचा.

विणीच्या वरच्या आणि खालच्या थरात गवताचे तुकडे काडीने ठासावे लागतात. बोटं सोलवटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. शहराबाहेरच्या समैस्मा गावातल्या नमिताताईंच्या सहा खुर्च्या आल्या, तेव्हा शेवटच्या खुर्चीला तो कंटाळला. पॅकिंगचं प्लास्टिक कोंबलं आणि वीण पुरी केली.

शुक्रवारी खुर्च्या पोचवल्या. नमिताताई मूळच्या नाशिकच्या. मजुरी हातावर ठेवून म्हणाल्या, "रहमानभाई, जेवल्याशिवाय जायचं नाही."

कुठल्या खुर्चीत काय आहे ते त्यालाच ठाऊक. त्याने स्वतःसाठी चांगली धरली. खोटी खुर्ची आली नमिताताईंच्या सासूबाईंच्या, शशिकलाबाईंच्या वाट्याला. त्या टेकल्या आणि खुर्ची चुरचुरली.

"आजी, आत वेफर्स भरलेत?" नातू गंधार खिदळला.

"गप रे. नवी वीण आहे, बोलणारच. हो ना हो, रहमानभाऊ?"

"हो," रहमान म्हणाला. "बसेल हळूहळू."

पानात वरणभात आला. म्हातारी वाकून त्याच्या भातावर तूप घालायची, आणि प्रत्येक वेळी खुर्ची वाजायची.

"जेवा पोटभर. एवढं बारीक काम करता तुम्ही."

त्याने हात आखडला. "आजी, उठा जरा."

"का हो?"

"आत प्लास्टिक आहे. मीच भरलंय. आळस केला."

शशिकलाबाई उठल्या.

"मग मघाशी नाही सांगायचं?" शशिकलाबाई म्हणाल्या. "मी पोराला गप्प करत होते. तुमच्यासाठी."

त्याने खुर्ची उचलली आणि तो निघाला.

प्लास्टिक काढायचं तर अख्खी वीण कापावी लागते. त्याने कापली. दुकानाचा मालक म्हणाला, "माझं गवत मिळणार नाही. चूक तुझी." गवत यायचं फ्रान्सहून, आणि सुटं कुणी देत नसे.

सहाही खुर्च्यांची मजुरी संपली, तेव्हा गवताचा एक गठ्ठा आला.