सुमनच्या संगणकाची अंत्ययात्रा

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. माझ्या हातून एकदा खून झालाय. भरदिवसा, ढोल वाजवत, आणि वर पेपरात फोटो छापून आणून!

हसताय काय? चहा घ्या आणि ऐका. हसायचं की नाही ते शेवटी ठरवा.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मुळशी तालुका तेव्हा माझ्याकडे होता. म्हणजे बातम्यांसाठी हो! जमिनीच्या हिशेबानं म्हणाल तर तिथं माझ्या नावावर तुळशीच्या कुंडीएवढीही जागा नव्हती. पण तालुक्यात कुठं अन्याय झाला की पहिला फोन मलाच यायचा. आणि नाही आला, तर मी शोधत जायचो. माझी बायको म्हणायची, "तुम्हाला बातमी नको असते, भांडण हवं असतं." खोटं नव्हतं ते.

घोटावड्याला फाट्याजवळ सुमनचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, तहसीलचे अर्ज. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत त्याचं सगळं त्या पत्र्याच्या गाळ्यात टाइप व्हायचं. सासरची जमीन बिल्डरला गेली होती, त्या जमिनीचा पैसा दिरांच्या गाड्यांत गेला होता, आणि नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर पंधरा पंधरा दिवस परगावी. घरात भरवशाचं काही येत असेल, तर ते या दुकानातून.

आणि दुकान म्हणजे काय? एक जुना, पिवळट पडलेला संगणक. त्याच्यात मराठी टायपिंगचा प्रोग्राम. त्या प्रोग्रामबरोबर कंपनीनं अंगठ्याएवढी एक वस्तू दिलेली, संगणकाच्या पाठीत खुपसून ठेवायची. सगळे तिला 'लॉक' म्हणायचे. लॉक काढला की संपलं. पडद्यावर मराठीचा एक काना उमटणार नाही.

तर एक दिवस कंपनीनं कळवलं: जुन्या बनावटीच्या संगणकांसाठीची सेवा वर्षभरात बंद. नवा प्रोग्राम जुन्या मशीनवर चालणार नाही, जुन्या प्रोग्रामला यापुढे दुरुस्ती नाही, आणि लॉक बिघडला तर बदलून मिळणार नाही.

माझं डोकं फिरलं! अहो, तवा बनवणारा तुमच्या घरी येऊन सांगतो का, की तुमची चूल जुनी झाली, आता तिच्यावर भाकरी फुगणार नाही? चालतंय ना मशीन? मग तुम्ही कोण ठरवणारे ते म्हातारं झालं म्हणून? बाईनं होतं नव्हतं ते मोडून तुमचा प्रोग्राम घेतला, आणि आता सांगताय सगळंच नवं घे?

सुमन माझ्यापेक्षा शांत होती. म्हणाली, "काका, चालतंय तोवर चालतंय. दिवाळीनंतर लग्नसराई आहे, ऑर्डरी घेऊन बसलेय. ती निघाली की बघू. आणि ते गायकवाड साहेब म्हणालेत, वर विचारतो म्हणून."

गायकवाड म्हणजे कंपनीच्या सेवा विभागातला तरुण. लातूरकडचा, हिंजवडीत भाड्याच्या खोलीत राहणारा.

"सुमन," मी म्हणालो, "मी तीस वर्षं हेच ऐकतोय. वर विचारतो म्हणजे नाही. यांचं नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आपण अंत्ययात्रा काढायची."

"कुणाची?"

"संगणकाची! तिरडी बांधून, मडकं धरून, थेट हिंजवडीला, कंपनीच्या गेटवर अग्नी द्यायचा. फोटोग्राफर मी आणतो."

तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. मग म्हणाली, "टेबलाखाली एक मेलेलं मशीन पडलंय. याच बनावटीचं, सुट्या भागांसाठी भंगारातून आणलेलं. ते घेऊन जा. पण काका, जास्त ताणू नका हं."

दसऱ्याला कंपनीला सुट्टी, म्हणून मी आदला दिवस धरला. तिरडीसाठी गावातला दत्तू सांगितला. गावात कुणीही गेलं की बांबू तोडायला पहिला तोच. शिवाय त्याचा स्वतःचा टेम्पो. सुमन सकाळी देवीला नैवेद्य दाखवून थेट गेटवर येणार होती.

सकाळी पोचलो तर काय! दत्तूचा टेम्पो धुऊन लखलखीत. पुढं झेंडूची ही जाड माळ, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, चाकांवर कुंकू. मला भरून आलं. म्हटलं, खेड्यातला माणूस, पण आंदोलनाची जाण बघा!

"दत्तू, शाब्बास! अगदी शववाहिका सजवलीस!"

दत्तूनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "साहेब, सकाळी सकाळी काय बोलताय?" एवढंच म्हणाला आणि बांबू उतरवायला लागला.

आता इथं तुमच्यापैकी शहाण्यांच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. माझ्या डोक्यात मथळा तयार होता, आणि मथळा डोक्यात असला की पत्रकाराला समोरचं दिसत नाही.

दुकानात शिरलो. दारात सुमनची सासू बसलेली, सगळे तिला आजी म्हणायचे. आत जमीन सारवल्यासारखी स्वच्छ. मधोमध पाट. पाटावर जुना पिवळट संगणक. त्याला झेंडूची माळ, कपाळावर म्हणावं अशा जागी हळदकुंकू, अंगावर अक्षता. शेजारी समई तेवतेय. दुसरं एक मशीन टेबलावर, फडक्याखाली झाकलेलं.

मला सांगा, जमिनीवर ठेवलेलं आहे, गळ्यात हार आहे, उशाशी दिवा आहे. तुम्ही काय समजला असता?

मी चप्पल काढून हात जोडले!

आजी खूश झाली. "जोडा, हात जोडा. लई गुनाचं हाय त्ये. आमच्या घरचं समदं त्येच्यावर चालतंय."

"चालत होतं, आजी," मी गंभीरपणे म्हणालो. "दत्तू, उचल."

"आं? कुटं न्हेताय?"

"मिरवत नेतोय आजी. थेट कंपनीपर्यंत. ढोल लावून."

"मिरवनूक काडताय व्हय?" आजी उठून उभीच राहिली. "काडा की! थांबा, नारळ फोडते."

आणि तिनं फोडला हो नारळ. वर मशीनवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला वाटलं, काय ही समज, काय हा निरोप! डोळे पुसले मी. फोटोग्राफरनं तेवढ्यात तो फोटोही घेतला.

दत्तूनं मशीन कवेत घेतलं आणि थबकला.

"साहेब, मयत गरम हाय."

"समईची ऊब असेल."

"समई त्या अंगाला हाय. ह्ये ह्या अंगानं गरम हाय."

"दत्तू, तुला तिरडी बांधायला आणलंय की पंचनामा करायला?"

त्यानं मशीन बाहेर आणलं. पण तिरडीवर ठेवताना पुन्हा अडला. "चौकोनी मयत पयल्यांदाच बांदतोय. डोकं कुनीकडं धरायचं?"

ढोलवाली पोरं हसायला लागली. मी दरडावलं. हे आंदोलन आहे, तमाशा नाही. लॉक खुपसलेली बाजू मागची, म्हणून त्या बाजूला पाय धरले आम्ही. लॉक होता, मी पाहिला. मेलेल्या मशीनला लॉक कशाला असेल, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला वाटलं, प्रेतावर दागिना राहिलाय. लेखात वापरायला छान आहे.

हिंजवडीच्या अलीकडं टेम्पो थांबवून आम्ही खांद्यावर घेतलं. पुढं मी, हातात मडकं. रस्त्याकडेला लोक टोप्या काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन गेलं?"

"सुमनताईचा काम्पुटर," ढोलवाल्यानं सांगितलं.

"आजारी व्हता का?"

"न्हाई. कंपनी म्हनली म्हातारा झाला."

"मंग मला बी सांभाळून ऱ्हायला पायजे," म्हणत म्हातारा आमच्याबरोबर चालायला लागला. असे कितीतरी जण जोडले गेले. गेटवर पोचेपर्यंत चांगली गर्दी झाली. मी आयुष्यात काढलेल्या सगळ्या मोर्च्यांत हा सगळ्यात मोठा. आणि शेवटचाही, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

गेटसमोर लाकडं रचली. वर मशीन. मी भाषण सुरू केलं. काय बोललो म्हणता! शब्दाला शब्द लागत होता. तेवढ्यात आतून गायकवाड धावत आला, हात हलवत.

"सर, दोन मिनिटं. सर, प्लीज ऐका."

"आजवर तुम्ही ऐकलंत?" मी गरजलो. टाळ्या!

"सर, चांगली बातमी आहे."

"तुमच्या चांगल्या बातम्या तुमच्याजवळ ठेवा! आता चर्चा राखेसमोर!" आणखी टाळ्या. गायकवाड तोंड उघडतोय, ढोलवाला ढोल बडवतोय. मी तीन फेऱ्या मारल्या, मडकं खांद्यावरून मागं टाकलं आणि रॉकेल ओतलेल्या लाकडांना काडी लावली. फोटोग्राफर म्हणाला, "काका, चेहरा जरा वर." मी वर केला.

ढोल थांबला तेव्हा गायकवाडला बोलायला मिळालं. बिचारा घामाघूम झाला होता.

"सर, वरून मंजुरी आली. ताईंची स्पेशल केस म्हणून. नवा प्रोग्राम फुकट, आणि ऑफिसमधलं एक वापरलेलं मशीनही देतोय, त्याच्यावर चालेल असं. त्यांनी फक्त जुना लॉक जमा करायचा."

जिंकलो! मी दोन्ही हात वर केले. लोकांनी माझ्या नावानं घोषणा दिली. आणि त्या घोषणा चालू असताना सिक्स सीटर रिक्षातून सुमन उतरली. हातात प्रसादाचा डबा.

ती गर्दीतून पुढं आली. जाळाकडे बघितलं. झेंडूची माळ अजून पूर्ण जळाली नव्हती.

"काका," ती हळू म्हणाली, "ही माळ मी सकाळी घातलीय."

"हो! काय सुंदर सजवलं होतंस अगं..."

"काका, आज खंडेनवमी. मशीनची पूजा केलीय मी. सकाळी एक पत्रिका छापून, मग पूजा केलीय. मेलेलं वर टेबलावर ठेवलं होतं, फडकं टाकून."

मी दत्तूकडे पाहिलं. दत्तू टेम्पोकडे पाहत होता. टेम्पोची माळ, केळीचे खुंट, चाकांवरचं कुंकू. अख्ख्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या गेटांवर त्या दिवशी तीच माळ होती. मी त्यांच्यासमोरूनच मडकं घेऊन चालत आलो होतो.

"लॉक?" सुमननं विचारलं.

"त्यो मागं खुपसलेला व्हय?" दत्तू खाली मान घालून म्हणाला. "आदी त्योच वितळला, ताई."

गेटवरच्या रखवालदारानं पाण्याची बादली मारली. फस्स करून काळा धूर निघाला. प्रसादाचा डबा सुमननं माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. लग्नसराईच्या सगळ्या पत्रिका, गावोगावची नावं, तिनं वर्षानुवर्षं जुळवून ठेवलेली अक्षरं, सगळं त्या पाण्यात काळं होऊन वाहत होतं.

मी गायकवाडकडे वळलो. "काहीतरी कराल ना?"

त्यानं खरंच प्रयत्न केला. दोनदा वर जाऊन आला. पण लॉक जमा झाल्याशिवाय मंजुरी लागू होत नाही. वितळलेला गोळा दाखवला, तर वरचे म्हणाले, हा लॉक कशावरून? तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा रडवेला झाला होता. म्हणाला, "सर, आम्ही वाईट आहोत, मान्य. पण आम्ही वर्षभराची मुदत दिली होती. तुम्ही एका सकाळीत सपोर्ट संपवलात."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. पहिल्या पानावर, मडकं घेतलेला मी. संपादकांनी पाठ थोपटली. मी दुसरी बातमी लिहून नेली, कंपनीनं कसा वितळलेल्या गोळ्याचा बहाणा केला त्याची. त्यांनी वाचली आणि विचारलं, "पण जाळलं कुणी?" बातमी माझ्याच हातात परत आली.

सुमनच्या ऑर्डरी पिरंगुटच्या दुकानाकडे गेल्या. मी नवीन मशीन घेऊन देतो म्हणालो, तर ती म्हणाली, "नको काका. तुम्ही खूप केलंत." असं शांतपणे म्हणाली की तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाळ्यात वडापावची गाडी लागली. सुमन घोटावड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. दोन वर्षं उभ्यानं काम केलं, पायाच्या शिरा फुगल्या, तेव्हा कुठं नवं मशीन आणि नवा लॉक घेऊन पुन्हा शटर उघडलं.

त्या कंपनीला मी आजही माफ केलेलं नाही. चालत्या गोष्टीला म्हातारी ठरवणारे ते कोण? भेटू दे कुणी, मी अजून भांडायला तयार आहे. अडचण एवढीच, की पुरावा मीच जाळला.

आता दर खंडेनवमीला सकाळी सकाळी सुमनचा फोन येतो. अगदी न चुकता. "काका, पूजा मांडलीय. तुम्ही आज पुण्यातच थांबा."

मी हो म्हणतो. मग मागून आजीचा आवाज येतो, साऱ्या घोटावड्याला ऐकू जाईल असा:

"सांग त्येला! पाटावर मांडलंय, माळ घातलीय, दिवा लावलाय, पर त्ये जित्तं हाय म्हनावं!"