मोराची शेपटी नंदीला

मंडळी, तान्हा पोळा आटोपून थेट सायबर कॅफेत येऊन बसलो, कारण तुम्हाला सांगितल्याबिगर राहवत नाई.

मागच्या वर्षी लेकीला पोत्याचं अस्वल बनवून दिलं होतं, निव्वळ गंमत म्हणून. तान्ह्या पोळ्याच्या वेशभूषा स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला अन् माझ्या डोक्यात हवा गेली. यंदा पंधरा दिवस बायकोच्या शिलाई मशीनवर बसलो. बांबूच्या कमच्यांची मोराची शेपटी केली, तिच्यावर निळ्या साडीचे डोळे शिवले. बायको म्हणे, "सण पोरीचा आहे का तुमचा?" मी ऐकलं नाई.

आज स्पर्धेत पाळी येईपर्यंत पोरगी दोन तास उभीच. बसली तर शेपटी मोडेल, म्हणून मीच बसू दिलं नाई. बाकीची लेकरं आपापले लाकडी नंदी ओढत घरोघरी खाऊ मागायला निघाली. ही रडकुंडीला आली. "बाबा, मले नाई व्हाचं मोर. मले नंदी ओढाचा आहे."

तेवढ्यात माइकवर तिचं नाव पुकारलं. मी स्टेजकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं अन् शेपटीच्या नाड्या सोडल्या.

खरं सांगतो, नाड्या सुटल्या तिच्या अन् जीव भांड्यात पडला माझा. तिनं ती शेपटी स्टेजजवळ ठेवलेल्या आपल्या नंदीच्या पाठीवर बांधली अन् त्याला ओढत पळाली. सारी गल्ली पाहायला बाहेर!

परत येताना तोंडात खाऊ कोंबत म्हणते, "बाबा, पुढच्या वर्षी मोर तुमीच व्हा ना."

सांगा, होऊ का?