आजोबांच्या शर्टाचा वास

तुमच्या आजोबांचं बाहेर काहीतरी चालू आहे, याची शहाऐंशी साली माझी पक्की खात्री झाली होती.

खात्री उगाच नव्हती. पुरावे होते, आणि ते मी डायरीत तारीखवार लिहून ठेवले होते. शनिवारी ऑफिस दुपारीच सुटे, पण हे मुलुंडला घरी येत ते दिवेलागणीला. "ऑडिट आहे," म्हणत. ऑडिट करून कोणी गुणगुणत घरी येतं का? शिवाय शर्टाला नेलपॉलिशचा वास! (मी जन्मात नेलपॉलिश लावलेलं नाही.)

शर्ट मी शेजारच्या सुमनला हुंगायला दिला.

"नेलपॉलिशच," ती म्हणाली. "आणि बाई हात राखून लावणारी नाही. बाटलीच उपडी करते."

"आता काय करू गं?"

"मागावर जा. नाहीतर बस लिहीत."

खंडेनवमी शनिवारी आली. घाटकोपरला ह्यांच्या ऑफिससमोर मी रसाच्या दुकानात दबा धरून बसले, तोंडापुढे इंग्रजी पेपर. हे बाहेर पडले, रिक्षात बसले. मागोमाग माझी रिक्षा. भांडुपला एका पत्र्याच्या शेडमध्ये हे शिरले. मीही पडदा सारून शिरले.

आत तुमचे आजोबा बनियनवर, केसांत भुसा, आणि समोर दोरीला टांगलेली लालभडक इलेक्ट्रिक गिटार. बाई कुठेच नाही. (फळ्यांच्या मागेही पाहून घेतलं.)

"ही मी केलीय," हे चाचरत म्हणाले. "फळी कापण्यापासून चुंबकाला तार गुंडाळण्यापर्यंत. ह्या मेस्त्रींनी शिकवलं."

"आणि तो वास?"

"लॅकरचा, लाकडाला चकाकी देणाऱ्या रंगाचा. त्यात नेलपॉलिशसारखंच थिनर असतं."

"मग ऑडिट कशाला सांगितलंत?"

"अगं, पन्नाशीत गिटार बनवतोय म्हटलं असतं, तर हसली असतीस."

हसलेच असते. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. शेडवाले मेस्त्री मालवणचे, खंडेनवमी म्हणून त्यांनी करवतींची, रंध्यांची पूजा मांडली होती. काहीतरी शुभ करून विषय मिटवावा, म्हणून मी हळदकुंकवाचं ताट उचललं. अवजारांची पूजा होते, तर वाद्याची का नको? हळदीची पाचही बोटं मी गिटारवर ओढली.

"वैनीनू, हात लावू नकात, रंग ओलो आसा," मेस्त्री म्हणेपर्यंत बोटं लॅकरमध्ये रुतली होती. बाहेर निघताना ती तीन महिन्यांची मेहनत सोबत घेऊनच निघाली.

हे वाकून एकेक पट्टा निरखू लागले. मला वाटलं, आता मात्र खरंच बाहेर काहीतरी सुरू करणार.

"राहू दे मेस्त्री," शेवटी म्हणाले. "घासू नका. ह्याच्यावरच बिनरंगी लॅकर मारू."

ती गिटार तुमच्या बाबांनी तिकडे तुमच्या घरी नेली. तुमचे मित्र त्या पिवळ्या पट्ट्यांना डिझाइन म्हणतात, असं ऐकते. म्हणू देत. तुम्हाला मात्र खरं ठाऊक असावं. तो तुमच्या आजीचा संशय आहे, पाची बोटांच्या ठशांसह, आणि वर लॅकरचे तीन हात दिल्यामुळे तो आता कशानेही निघत नाही.