नऊ मीटरवरचा दगड

मंडळाच्या शोकसभेत गोपीनाथ देवपुजारीला सगळे ‘शांत, मनमिळाऊ’ म्हणाले. स्मरणिकेसाठी हे पाठवतोय; मला लिहायची सवय नाही, मांडणी चुकेलही. पण हा माणूस शांत नव्हता, आणि शांत का नव्हता ते मला ठाऊक आहे.

भोपाळच्या आमच्या खनिज कार्यालयात तो भूविज्ञान सहायक होता, मी टंकलेखक. इंद्रपुरीजवळच्या टाउनशिपमध्ये आमचे क्वार्टर समोरासमोर. एकोणऐंशी साली तिथल्या नव्या पाण्याच्या टाकीसाठी जमिनीत खोल भोके पाडून दगडाचे नमुने काढले. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या जागी तळे होते. त्याचा गाळ दगड झालेला. मला तो सगळा एकच राखाडी दिसे.

गोपीनाथ कण दाताखाली धरी. करकरला तर त्यात बारीक रेती, लोण्यासारखा लागला तर निव्वळ चिकणमाती. मग आम्लाचा थेंब. फसफसले तर चुना. शेवटी नखाने पापुद्रे निघतात का ते बघायचे. अशा चार जाती लावून त्याने नमुन्यांच्या साठ पेट्या नोंदवल्या.

पाटणकरसाहेब हसले. “देवपुजारी, दगड खाऊन पोट भरलं का? सरसकट शेल लिहा. वर चार नावं कोण समजावणार?”

“शेलला पापुद्रे असतात, साहेब. नऊ मीटर खोलीवरच्याला नाहीत. तो पाणी पिऊन फुगतो.”

त्याने खिशातला खडा साहेबांच्याच पाण्याच्या पेल्यात टाकला. “चहा येईपर्यंत थांबा.”

चहा आला तेव्हा पेल्यात चिखल होता.

“पेला खराब केलात,” साहेब म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. “अच्युत, शेल टाइप कर.”

मी केले. शेवटच्या पानावर गोपीनाथची सही आधीच होती. मी फक्त आतले पान बदलले.

टाकी उभी राहिली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कलली, भिंत फाटली. चौकशीत गोपीनाथला विचारले, सही तुमचीच ना? तो माझ्या दारात आला.

“अच्युत, जुन्या पानाची कार्बन प्रत आहे ना तुझ्याकडे?”

“नाही.”

प्रत आतल्या ट्रंकेत होती. माझी बायको वसुधा खाली मान घालून उभी राहिली, त्यावरून तो समजला. त्याने मला अस्सल नागपुरी शिवी दिली. ती मला लागू होती.

त्याची बढती कायमची गेली. साहेब दिल्लीला चढले. पुढे अठरा वर्षे तो रोज माझ्यासमोरून ऑफिसला गेला. एकदाही बोलला नाही. याला शांत म्हणता? लाज वाटली पाहिजे आपल्याला, मला सगळ्यांत आधी.

ती प्रत सोबत जोडली आहे. माझे बाकी सगळे कापा, ही ओळ मात्र स्मरणिकेत छापा:

‘नऊ मीटर. दाताखाली करकर नाही. चुना नाही. पापुद्रे नाहीत. पाण्यात फुगतो. यावर टाकी बांधू नये. – गो. देवपुजारी.’